पंगतीचं शेवटचं पान

"मग ही माणसं सोडून का जातात, बुवा?"

नदीकाठच्या मठात हेरंबसर बुवांसमोर बसले होते. बुवांचे जुने शिष्य, आता ऑनलाइन एम. ए.चे विभागप्रमुख. त्यांचे प्राध्यापक सगळे मानधनावरचे, कुणी गोंदियात, कुणी सावंतवाडीत. विभागाचं दारही कुणी पाहिलेलं नाही. सकाळीच चंद्रपूरच्या रेवती धोंगड्यांचा राजीनामा आला होता. सगळ्यांत जीव लावून शिकवणारी बाई.

"मी काय कमी केलं? कार्यशाळा घेतल्या, दर सोमवारी मेल पाठवतो. खाली ठळक लिहितो, अडचण असल्यास अवश्य कळवा."

"मग?"

"कुणी कळवतच नाही…"

बुवा उठले. अंगणात उत्सवाची पंगत बसली होती. त्यांनी वरणाची बादली सरांच्या हाती दिली आणि स्वतः जेवायला बसले.

सर उत्साही गडी. एक फेरी झपाट्यात मारली आणि मधोमध उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, लाजू नका! हवं ते मागून घ्या!"

कुणी मान वर केली नाही. म्हणजे सगळे तृप्त! सर खूश.

अगदी शेवटच्या पानावर बुवा कोरडा भात चिवडत होते.

"अहो बुवा, मागायचंत की!"

"पंगतीत कोण मागतं रे…"

सरांचे कान तापले. आता ते एकेका पानाशी वाकून वाढू लागले. एका म्हातारबाबांनी "नको, नको" म्हणत पानावर हात आडवा धरला. सर पुढे सरकले.

"बोटं बघ," मागून बुवा म्हणाले.

बोटं चांगली फाकलेली होती. सरांनी पळी पुढे केली, तसा हात आपोआप बाजूला झाला. म्हातारबाबा हसले. सरांनाही हसू फुटलं.

जेवणं उरकल्यावर सरांनी रेवतीबाईंना फोन लावला. राजीनाम्याचं नावही न काढता विचारलं, "बाई, वर्ग कसा चाललाय तुमचा?"

बऱ्याच वेळानं ते परत आले. चेहरा उजळला होता.

"एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध अडलाय, बुवा. तिच्याबद्दलच बोलत होत्या. मला गंधवार्ताही नव्हती!"

"आणि राजीनामा?"

"थांबा म्हटलं, तर 'नको सर, नको'… पण फोन काही ठेवेनात."

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"चंद्रपूरची गाडी किती वाजता असते रे?"