साहेबांची नजर

बास्केटबॉल संघासाठी कॉलेजची पोरं निवडणं चाललं होतं. निवड करणारे डोणगावकर साहेब तोऱ्यात म्हणाले, "हा सुयोग बाद! एकही बास्केट केली नाही."

संघातला सर्वांत तरुण खेळाडू हर्षल याला राहवेना. "साहेब, त्याला घ्या. गेल्या वर्षीच्या सामन्यात त्यानं मला बास्केटजवळ फिरकू दिलं नव्हतं."

"कालचं पोर तू! तुला काय खेळ कळतो?"

हर्षलचे कान तापले, पण तो हटला नाही. "मला कुणी निवडलं, साहेब?"

"मी! एका नजरेत! 'या पोराला खेळ कळतो', हे गावभर मीच सांगितलं!"

"मग आता गावाला काय सांगू? साहेबांची नजर चुकली म्हणून?"

साहेबांनी घसा खाकरला आणि बूट काढत बसलेल्या सुयोगला हाक मारली, "अरे, बूट कशाला काढतोस? सरावाला थांब!"