फौजदारांचा बंदोबस्त

निवृत्त फौजदार घोरपडे यांचा मधुमेह जुना, त्यात मूत्रपिंडंही नाजूक झालेली. गोळीने रक्तदाब ताब्यात आला, तसं त्यांनी जेवता जेवता फर्मान काढलं, "दाब नॉर्मल आहे. आजपासून गोळी बंद."

गोळी चालूच ठेवा, हे डॉक्टरांनी बजावलेलंही ते ऐकेनात. शेवटी त्यांच्या पत्नी सुलभाबाई म्हणाल्या, "अहो, एका वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत दंगा झाला नाही, म्हणून पुढच्या वर्षी बंदोबस्त काढलात का कधी?"

"कसा काढणार? बंदोबस्त होता म्हणूनच तर दंगा झाला नाही."

बोलून गेले आणि फौजदार स्वतःच थबकले. बाईंनी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ती गिळून त्यांनी खारट लोणच्याच्या बरणीकडे हात नेला. बरणी जागेवर नव्हती.

"तिला तडीपार केलंय," बाई म्हणाल्या.