कसोटी आणि माक्षिक

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा होता, आणि त्याला सोन्याचा भारी सोस होता. त्याच्या पदरी भानवती नावाची सोनपारखीण होती. सोनं घासून पारखायचा सात पिढ्यांचा काळा दगड, म्हणजे कसोटी, तिच्यापाशी होती. ती सांगेल ते सोनं.

एकदा राजाने एका मांत्रिकाच्या डोंगरातून पिवळे, चौकोनी, लखलखते दगड गाड्या भरभरून आणले. मांत्रिक मागोमाग आला आणि भर दरबारात भानवतीला विचारता झाला, हे काय आहे? तिला ठाऊक होतं. पण राजाचा चेहरा पाहून तिची जीभ कचरली आणि ती ‘सोनं’ म्हणून गेली.

“खऱ्या नावाने हाक येईल, तोवर तुमचा विस्तव या दगडाच्या पोटात निजेल,” एवढं बोलून मांत्रिक धुक्यात विरून गेला. त्याच क्षणी राज्यातल्या साऱ्या चुली मुकाट विझल्या.

लोक भिजवलेले पोहे खाऊन राहू लागले. धुकं घराघरांत येऊन पाहुण्यासारखं बसू लागलं. अशात भानवतीची लेक बाळंत झाली. बाजेखाली शेगडी नाही, शेक नाही. तान्ही नात निळी पडत चालली, रडेनाशी झाली. हे आपल्याच एका शब्दापायी, हे भानवतीच्या काळजाला डाचत होतं.

खिडकीत एक कोतवाल पक्षी येऊन बसला.

“पारखीणबाई, दिलेला शब्द परत घे.”

“शब्द परत घेणाऱ्या पारख्याने, ज्या मालावर तो शब्द दिला त्याच मालाने आपली कसोटी फोडायची असते, पाखरा.”

“मग फोड.”

ती दरबारात गेली. पहिल्यांदा तिने दगड कसोटीवर ओढला. पिवळी रेघ उमटली नाही, हिरवट काळा डाग पडला. दुसऱ्यांदा हातोडी मारली. सोनं पसरलं असतं, याचा चुरा झाला.

राजा म्हणाला, “भानवती, तुझी कसोटी जाईल.”

“जाऊ द्या, महाराज. नात जायला नको. हा लोखंडाचा आणि गंधकाचा दगड आहे. माक्षिक त्याचं नाव.”

तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून माक्षिक कसोटीवर आपटला. कसोटी दुभंगली, गंधकाचा वास सुटला, आणि ठिणगी उडून कसोटीच्या वेष्टणातल्या सावरीच्या कापसात पडली. विस्तव जागा झाला.

राजाने मान खाली घातली आणि खजिना उघडून चूल पेटवायला घरटी एकेक दगड वाटला. भानवतीने बाजेखाली शेगडी सारली. हळूहळू नात तांबूस झाली, आणि मग तिने रडून घर डोक्यावर घेतलं. भानवतीला इतका आनंद सात पिढ्यांच्या सोन्याने कधी दिला नव्हता.

पुढे तीच नात कसोटीच्या तुकड्यावर माक्षिक आपटून रोज घरची चूल पेटवू लागली. ऐकणाऱ्यांच्या चुलीही अशाच पेटत्या राहोत.