मखमलच्या कानाला लाही

मुंगीला मिळाली लाही. पांढरी, फुललेली, मुंगीहून मोठी.

मुंगीची ही पहिलीच लाही. घरी धाकटी बहीण वाट बघत होती. धाकटीला दात नव्हते, पण भूक होती.

मुंगी निघाली. चुटुचुटु, चुटुचुटु.

तेवढ्यात आला मखमल. मखमल म्हणजे स्पॅनियल कुत्रा. डोळे गोल, शेपटी आखूड. आणि कान? लांबच लांब! पाणी प्यायला गेला की आधी कान पितात, मग मखमल.

आताही पाणी पिऊनच आला. नाक जमिनीला. फूं फूं फूं! इथं काय आहे? फूं फूं! तिथं काय आहे? मागून ओले कान फरशी पुसत आले. सपक सपक!

लाही कानाला चिकटली. गेली!

मुंगी धावली. चुटुचुटु, चुटुचुटु.

"मखमल, मखमल, कान हलव. माझी लाही दे."

"नाही हलवत."

"का बरं?"

"कानाच्या केसांत गाठ झालीय. हलवला की दुखतो. कंगवा गाठ सोडवेल, मग कान हलवीन."

मुंगी गेली कंगव्याकडे. चुटुचुटु, चुटुचुटु.

"कंगवेदादा, कंगवेदादा, गाठ सोडव.
मखमल कान हलवेना,
माझी लाही मला मिळेना!"

"नाही सोडवत."

"का बरं?"

"कान ओला आहे. ओल्या केसांत माझे दात अडकतात. टॉवेल कान पुसेल, मग गाठ सोडवीन."

टॉवेल होता गच्चीत, दोरीवर. मुंगी भिंतीच्या सावलीनं वर गेली. चुटुचुटु, चुटुचुटु.

"टॉवेलदादा, टॉवेलदादा, कान पूस.
कंगवा गाठ सोडवेना,
मखमल कान हलवेना,
माझी लाही मला मिळेना!"

"नाही पुसत."

"का बरं?"

"मला चिमटा लावलाय, दिसत नाही? वहिनी चिमटा काढेल, मग कान पुसीन."

मुंगी जिना उतरली. पायरीवर केतकी वहिनी उभी होती. या घरात नवी नवी आलेली. एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती.

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "काय गं केतकी, काय शोधतेस?"

"काही नाही, माई," वहिनी म्हणाली. आणि पुन्हा शोधायला लागली.

"वहिनी, वहिनी, चिमटा काढ.
टॉवेल कान पुसेना,
कंगवा गाठ सोडवेना,
मखमल कान हलवेना,
माझी लाही मला मिळेना!"

"नाही काढत."

"का बरं?"

"गच्ची तापलीय. पाय पोळतात. चप्पल पायात येईल, मग चिमटा काढीन."

मुंगीनं कपाटाखाली पाहिलं. नाही. टेबलाखाली पाहिलं. नाही. पलंगाखाली पाहिलं. अय्या! चप्पल!

"चप्पलताई, चप्पलताई, पायात ये.
वहिनी चिमटा काढेना,
टॉवेल कान पुसेना,
कंगवा गाठ सोडवेना,
मखमल कान हलवेना,
माझी लाही मला मिळेना!"

"नाही येत."

"का बरं?"

"अगं, मी पायात असते. मला कुठले पाय! मखमलनं आणलं इथं. मखमल उचलेल, मग येईन."

आता काय? मुंगी परत मखमलकडे. चुटुचुटु, चुटुचुटु. चढली थेट त्याच्या नाकावर. नाक काळं, ओलं, गारगार.

"मखमल, मखमल, चप्पल उचल.
चप्पल पायात येईना,
वहिनी चिमटा काढेना,
टॉवेल कान पुसेना,
कंगवा गाठ सोडवेना,
मखमल कान हलवेना,
माझी लाही मला मिळेना!"

"नाही उचलत."

"का बरं?"

मखमलनं नाक पंजांवर टेकवलं. शेपटी खाली गेली. मग हळूच म्हणाला,

"चप्पल घातली की वहिनी जाते. मी एकटा राहतो."

मुंगी विचारात पडली. नाकावर बसूनच विचार केला.

"अरे, ती गच्चीत चाललीय. तूही जा की!"

"मीही?"

"तूही."

शेपटी हलली. थोडीशी. मग अजून. मग आख्खा मखमलच हलला!

मखमलनं चप्पल उचलली. तोंडात अंडं धरावं तशी, अलगद. वहिनीच्या पायाशी ठेवली. वहिनीनं उलटसुलट करून पाहिली. एकही दात लागला नव्हता.

"अस्सं!" वहिनी म्हणाली. "मी जाऊ नये म्हणून होय? चल मग."

चप्पल पायात आली. वहिनी गच्चीत गेली. मखमल दारातल्या सावलीत बसला.

वहिनीनं चिमटा काढला.
टॉवेलनं कान पुसला.
कंगव्यानं गाठ सोडवली, टोकाकडून, थोडी थोडी.
मखमलनं कान हलवले. फट फट फट फट!
लाही उडाली. टप्!

मुंगीची लाही मुंगीला मिळाली! जरा मऊ झाली होती. पण धाकटीला कुठे दात होते? मुंगी घरी निघाली. चुटुचुटु, चुटुचुटु.

संध्याकाळी वहिनी बाजारात निघाली. दोन्ही पायांत चप्पल. मखमल दारात झोपलेला. हनुवटीखाली वहिनीनं ठेवलेली तिची ओढणी.

"काय गं केतकी, ओढणी कुठं राहिली?"

"काही नाही, माई."

आणि भिंतीतल्या बिळात? धाकटी लाही खात होती. मच् मच् मच्.