हैबतरावांचा वर राहिलेला हात

एकदा काय झालं, एका राज्यात एक राजा होता, आणि राजाच्या डोक्याला फार ताप नको म्हणून पाच पंच होते. आधी पाय आत घ्या बघू. चिंगे, तुझा गुडघा माझ्या बरगडीत रुततोय. हां, आता ऐका.

तर त्या राज्यात रीत अशी, की राजानं एकट्यानं लढाई ठरवायची नाही. पारावर सभा भरायची, सगळं गाव गोळा व्हायचं आणि पाच पंचांनी हात दाखवायचे. हात वर म्हणजे लढाई. हात खाली म्हणजे नाही. तोंडानं बोललेलं मोजायचं नाही, बरं का. राजाचा आजोबा म्हणायचा, तोंडाचं काय, ते घटकेत इकडे नि घटकेत तिकडे. हात तो हात.

त्या पाचांत एक होते हैबतराव. नाव ऐकून मोठ्या मिशा-बिशा डोळ्यांपुढे आणू नका. नावच तेवढं हैबतराव, माणूस म्हणजे लोण्याचा गोळा. कुणाची शेळी व्याली की गूळ घेऊन बघायला जाणार. कुणाचं पोर रडलं की खांद्यावर घेऊन पाराभोवती फिरवणार. एकच खोड होती. चार माणसं हो म्हणाली, की ह्यांच्या तोंडून नाही म्हणून निघायचं नाही. वाईट दिसतं, म्हणायचे. आपणच कशाला मोडता घालायचा, म्हणायचे.

मग एक दिवस राजाचा हेर धापा टाकत आला. म्हणाला, "महाराज, घात झाला! डोंगरापलीकडच्या राजानं गुहेत हजार वाघ पाळलेत. येत्या अमावास्येला आपल्यावर सोडणार आहे."

अगं बाई! गावात नुसता कल्लोळ झाला. बायकांनी पोरं घरात कोंडली. गडी काठ्या शोधायला लागले. राजा म्हणाला, वाघ सुटायच्या आत आपणच चालून जाऊ. दाखवा हात.

हैबतरावांच्या पोटात एक शंका आली. हजार वाघ? मग ते खातात काय? हजार वाघांना बकरी किती लागतील, आणि त्या एवढ्याशा राज्यात एवढी बकरी आहेत कुठं? हेराला विचारावं का, की बाबा, तू स्वतः पाहिलेस का? शंका अगदी ओठापर्यंत आली. तेवढ्यात पहिल्या पंचाचा हात वर झाला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा नि चौथ्याचा. सगळं गाव हैबतरावांकडे बघायला लागलं. मग काय! हैबतरावांनी शंका गिळली आणि हात वर केला.

चौघांनी आपापले हात खाली घेतले. हैबतरावांचा हात काही खाली येईना.

त्यांनी ओढून पाहिला. डाव्या हातानं दाबून पाहिला. छे! उजवा हात आपला आभाळाकडे बोटं करून ताठ. हसू नका रे, त्यांच्या जिवाची काय तगमग झाली असेल! आणि तू काय विचारतोयस, बाकीच्यांचे का नाही अडकले? तेच तर हैबतरावांना कळेना. थांब जरा, कळेल.

दुसऱ्या दिवशी सैन्य निघालं. हैबतराव वेशीपाशी उभे, हात तसाच वर. आणि झालं काय, पोरांना वाटलं, काका आशीर्वाद द्यायला उभे आहेत! मग एकेक पोरगा रांगेतून बाहेर यायचा, त्या हाताखाली वाकायचा आणि पुढं जायचा. शेजारच्या म्हाळसाबाईंचा थोरला, भानू, तोही आला. ताशा वाजवायचा तो. काय वाजवायचा, ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलावेत. गळ्यात ताशा, डोक्याला नवं मुंडासं. वाकला आणि म्हणाला, "येतो काका." नको जाऊस, एवढं म्हणायचं होतं हैबतरावांना. म्हणाले नाहीत.

लढाई झाली. लढाईचं मी सांगत नाही, झोपताना ते ऐकू नये. लढाई संपल्यावर गुहेत शिरून पाहिलं, तर वाघ कुठले नि काय कुठले! वाघाची मावशी तेवढी होती, आपल्या पिल्लांना चाटत बसलेली. आणि इकडे गावात भानूचा ताशा परत आला. भानू आला नाही.

राजानं म्हाळसाबाईंना साडीचोळी पाठवली. गावातलं जो तो येऊन म्हणायचा, "शूर होता हो पोरगा." त्या माऊलीनं मान हलवायची नि आत जायचं. नवरा आधीच गेलेला, आता पाठीमागं एक धाकटा गोंदा राहिला होता. हैबतरावांच्या दारावरून जाताना ती मान वर करायची नाही. पूर्वी दिवसातून चारदा यायची हो ती त्यांच्याकडे. विरजणाला, विस्तवाला, नुसतंच बोलायला. ते सगळं बंद झालं.

मग हैबतरावांचे दिवस कसे गेले म्हणता? अंगरख्याची बाही उसवून गुंड्या लावाव्या लागल्या. दारातून शिरताना गुडघ्यापर्यंत वाकायचं, नाहीतर हात आपटायचा चौकटीवर. घास भरवायला बायको. साळूबाई तिचं नाव. मोठी फटकळ होती. म्हणायची, "अहो, हात वरच राहायचा असेल, तर निदान अंगणात तरी उभे राहा. दोन लुगडी वाळतील." वरवर असं म्हणायची आणि पाठ वळवून डोळे पुसायची.

वैद्य आला. त्यानं तेल चोळचोळ चोळलं. हात तुळतुळीत झाला, पण खाली आला नाही. पहिलवान आला. तो त्या हाताला लोंबकळला. हात तसाच, वर पहिलवानालाच झोके! मग देवऋषी आला, त्यानं अंगारा लावला आणि कोंबडं मागितलं. साळूबाईनं त्याला लाटणं दाखवलं, तो गेला.

मग साळूबाई जवळ बसली. म्हणाली, "अहो, खरं सांगा. दुखतंय कुठं?"

हैबतराव म्हणाले, "पोटात."

"मग हाताला तेल चोळून काय होणार? पोटात आहे ते ओठांवर आणा."

तेवढ्यात काय झालं, तोच हेर पुन्हा धापा टाकत आला. आता म्हणे नदीपलीकडच्या राणीनं पाण्यात हजार मगरी सोडल्यात, आपली माणसं गिळायला. पुन्हा सभा ठरली. पण ह्या वेळी दोन पंच म्हणत होते लढाई करा, आणि दोघे म्हणत होते नको. उरले हैबतराव. आणि हैबतरावांचा हात तर आधीच वर! कळलं ना? तोंडानं किती का नको नको म्हणेनात, हात मोजला की लढाई. तिकडे गोंदानं थोरल्या भावाचा ताशा खुंटीवरून काढला होता आणि तो शेकत बसला होता. म्हाळसाबाई उंबऱ्यात बसून त्याच्याकडे नुसती बघत होती.

साळूबाई म्हणाली, तुम्ही सभेला जाऊच नका. पण तशीही सोय नव्हती. न येणाऱ्या पंचाला पालखीत घालून आणायची रीत होती त्या राज्यात. अशा रीती त्यांच्या, काय सांगू!

मग हैबतराव राजाकडे गेले. म्हणाले, "महाराज, मागच्या लढाईत चूक झाली. त्या हेरानं आपल्याला चुकीचं सांगितलं." हात हलला नाही. राजा म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं, हैबतराव. पंचानं चूक कबूल करायची नसते. लोक डोक्यावर बसतात."

मग ते देवळात गेले. हात जोडायची तर पंचाईत, म्हणून डोकंच टेकलं. म्हणाले, "आई, सगळ्यांनीच हात वर केले गं. मी एकटा काय करणार होतो?" हात हलला नाही. देवी काही बोलली नाही. काय बोलणार? तिला का खरं माहीत नव्हतं!

मग सभेचा दिवस उजाडला. पार माणसांनी फुलून गेला. राजा म्हणाला, दाखवा हात. दोन हात वर झाले. दोन हात मांडीवर राहिले. मोजणाऱ्यानं हैबतरावांकडे बघितलं आणि म्हणाला, "तिसरा वर. लढाई."

गोंदानं ताशा गळ्यात अडकवला. म्हाळसाबाईंनी मागून त्याचा पट्टा घट्ट धरला. एका हातानं नाही, दोन्ही हातांनी. हैबतरावांनी ते पाहिलं. ते उठून उभे राहिले.

"मला बोलायचंय."

"तोंडानं बोललेलं मोजत नाहीत," मोजणारा म्हणाला.

"मोजू नका. पण ऐका."

हैबतराव म्हणाले, "हेरानं खोटं सांगितलं, हे खरं आहे. सगळ्यांनी हात वर केले, हेही खरं आहे. पण त्या दिवशी माझ्या पोटात शंका आली होती. हजार वाघ खातात काय, असं मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. मी भ्यालो. वाघांना नाही भ्यालो. चारचौघांत वाईट दिसेल, ह्याला भ्यालो."

आणि काय चमत्कार! ताठ बोटं एकेक करून मिटायला लागली. मग मनगट वाकलं. मग कोपर वाकलं. आता कळलं ना रे तुला, बाकीच्यांचे हात का नाही अडकले? त्यांना खरंच हजार वाघ दिसत होते. खुळे होते, पण मनानं खोटे नव्हते. हैबतरावांना दिसत नव्हते, तरी त्यांनी हात वर केला.

पण खांदा अजून अडलेलाच. मग हैबतराव म्हाळसाबाईंकडे वळले. त्यांच्याकडे बघणं फार अवघड होतं, बरं का. तरी बघितलं.

"वहिनी, तुमचा भानू माझ्या हाताखाली वाकला. त्याला वाटलं, काका आशीर्वाद देताहेत. तो आशीर्वाद नव्हता हो. त्याला तिकडे धाडणारा हात होता तो. माझा हात."

एवढं म्हटलं आणि हात खाली आला. मोडलेल्या फांदीसारखा लटकला नुसता. हैबतराव मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मग जो गलका झाला म्हणता! कुणी ओरडलं, "तेव्हा का नाही बोललास?" कुणी म्हणालं, "ह्याची पंचाची पगडी उतरवा." ज्यांची पोरं गेली होती, त्यांचा राग अगदी खरा होता. मोठे पंच उठून म्हणाले, "पंचच असे चुका कबूल करायला लागले, तर आमच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

तेव्हा म्हाळसाबाई बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या. म्हणाल्या, "ठेवायचा झाला, तर तो आजपासूनच ठेवता येईल."

मग त्या हैबतरावांपाशी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, माझा भानू काही परत येत नाही. पण जो तो मला सांगायचा, शूर होता, शूर होता. माझं पोर जायलाच नको होतं, असं एकानंही म्हटलं नाही. मला वाटायचं, मीच वेडी आहे. आज कुणीतरी म्हटलं." आणि त्यांनी तो बधिर झालेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि हळूहळू चोळायला लागल्या. दोघंही रडत होते. साळूबाई तर काय, पदर तोंडात धरून हुंदके देत होती.

मोजणारा बिचारा गोंधळला. त्यानं पुन्हा मोजलं. दोन वर, तीन खाली. लढाई नाही.

मग हैबतरावांनी डोळे पुसले आणि हेराला विचारलं, "बाबा, त्या मगरी तू स्वतः पाहिल्यास का?" हेर पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. राजानं माणसं धाडून बघितलं, तर नदीत सागवानी ओंडके तरंगत होते. राणी घर बांधत होती हो, लेकीसाठी! राजा खजील झाला. त्यानं राणीला घरभरणीचा अहेर पाठवला आणि हेराला म्हशी राखायला लावलं.

हैबतरावांची पगडी राहिली का, म्हणतेस? नाही राहिली. राजा म्हणाला, ठेवा. हैबतराव म्हणाले, नको, आता दुसऱ्या कुणाला द्या, आणि त्याला शंका विचारायला शिकवा. गावातली काही माणसं पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलली नाहीत. हैबतरावांनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. ते आपले शेळ्या बघत, पोरं खेळवत राहिले. हात थोडा दुखायचा पावसाळ्यात. तेवढं चालायचंच.

आणि गोंदा? गोंदा लढाईला गेला नाही. तो गेला बोहल्यावर! लग्न ठरल्यावर म्हाळसाबाई अक्षत घेऊन निघाल्या, ती पहिली अक्षत त्यांनी ग्रामदेवतेला ठेवली आणि दुसरी घेऊन हैबतरावांचा उंबरा ओलांडला. भानू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "भाऊजी, साळूबाई, यायचं हं. तुमच्यावाचून अडेल माझं."

मग लग्न झालं, पंगती उठल्या, नवरानवरी घरी आली आणि सगळी माणसं हातपाय पसरून गाढ झोपली. तुम्हीही आता डोळे मिटा बघू. चिंगी तर केव्हाच झोपली. हं, तुझा हात दे इकडे, अस्सा.