दिवाणसाहेबांची गोळी

भर दरबारात महाराजांसमोर दिवाण त्र्यंबकराव नशेच्या पदार्थांचे दोन वर्ग पाडत होते. पहिल्यावर साफ बंदी, दुसरा फक्त वैद्याच्या चिठ्ठीवर. गांजा पहिल्यात गेला. मग ते गरजले, "अफूही पहिल्यातच! अन् ती बाळगणाऱ्या या भागूबाई वैद्यांना तुरुंगात टाका."

भागूबाईंनी शांतपणे पदर सावरला. "मान्य, महाराज. पण तीन दिवस पोट बिघडलेले दिवाणसाहेब आज सकाळपासून एकदाही उठले नाहीत, ते माझ्या अफूच्या गोळीमुळे. तिचा असर आता ओसरत आला असेल. दुसरी गोळी तुरुंगातून कशी देऊ?"

तेवढ्यात दिवाणांच्या पोटात गुडगुडलं. पोट घट्ट धरून ते कारकुनावर खेकसले, "बघतोस काय? अफू दुसऱ्या वर्गात लिही! अन् आधी बाईंना चिठ्ठी लिहायला बोरू दे!"