घाण्याच्या बैलाचा पोळा

बैल माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. साबाजीच्या तेलघाण्याला चांद्या नावाचा बैल होता. डोळ्यांना झापड बांधून तो दिवसभर गोल गोल फिरे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी साबाजीच्या बायकोने, गोदाक्काने, त्याचा खांदा लोण्याने चोळला आणि रीतीप्रमाणे कानात म्हटलं, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

सकाळी साबाजीने मात्र त्याला घाण्याला जुंपलं. बाहेर घुंगरं वाजू लागली, तसा चांद्या थांबला.

“मालक, आज पोळा ना?”

“पोळा शेतात राबणाऱ्या बैलांचा रे. तू सावलीत फिरतोस, तुला कसला शीण?”

“मग खांद्याला लोणी कशाला लावलंत? आवतण मलाही दिलंय.”

“मीच दिलंय,” गोदाक्का दारातून म्हणाली. “सोडा त्याला.”

साबाजीने कुरकुरत त्याला सोडलं, झापड काढली आणि झूल आणायला गेला. परत आला तर चांद्या गोठ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेला.

“अरे, मिरवणुकीला नाही यायचं? मग सुट्टी घेतलीस कशाला?”

“सुट्टी माझी आहे ना, मालक?” चांद्या म्हणाला, आणि त्याने आपणहून डोळे मिटले.